लाल अक्षरांतील आकडा

बाजारपेठेतील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. धान्याची जुनी आडत पेढी, एकत्र राहणारे दोन भाऊ, त्यांची मुले-सुना, आणि गादीवर पस्तीस वर्षे बसलेले थोरले भाऊ, ज्यांना सारे घर बाबूजी म्हणते. काही महिने त्यांच्या शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याध असेल, असे म्हणून ते अंगावर काढले गेले. पुढे अशक्तपणा वाढला, हिमोग्लोबिन घसरले, दुर्बिणीने तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ आढळली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. रोगग्रस्त भाग काढून आतड्याची दोन टोके जोडण्यात आली. घराने सुटकेचा निःश्वास सोडला. चौथ्या दिवशी सकाळी रक्ताचा अहवाल मोबाइलवर आला. एका ओळीपुढे १६० हा आकडा होता आणि शेजारी सामान्य मर्यादा छापलेली होती, ५ पेक्षा कमी. आकडा लाल अक्षरांत होता.

अर्ध्या तासात तो अहवाल पुणे, सुरत आणि चेन्नई येथील नातेवाइकांकडे पोहोचला. कोणी म्हणाले, रोग रक्तात उतरला. कोणी दुसऱ्या रुग्णालयाचे नाव सुचविले. धाकट्या भावाच्या मनात पुतणीच्या लग्नाची तारीख अलीकडे घ्यावी काय, असा विचार येऊन गेला. बाबूजींना यातले काही सांगायचे नाही, यावर मात्र सर्वांचे एकमत झाले.

एकाच आकड्याला दोन निरनिराळे प्रश्न विचारले जातात आणि घरोघरी त्यांची गल्लत होते, हे या घबराटीचे मूळ आहे. पहिला प्रश्न येत्या आठवड्याचा: आतड्याचा जोड नीट भरून येत आहे ना? दुसरा येत्या वर्षांचा: रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका किती? चौथ्या दिवशीचा आकडा प्रामुख्याने पहिल्या प्रश्नासंबंधी बोलतो. दुसऱ्या प्रश्नाविषयी हा आकडा जे थोडेफार सांगू शकतो, ते शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेल्या रक्तातून कळते.

हा आकडा आहे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा, म्हणजेच सीआरपीचा. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन आढळले. न्यूमोनियाच्या जंतूमधील ‘सी’ नावाच्या घटकाशी ते संयोग पावत असे, म्हणून त्याला हे नाव मिळाले. ते यकृतात तयार होते. शरीरात कोठेही जखम, जंतुसंसर्ग किंवा पेशींचा नाश झाला की इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशवाहक द्रव्ये यकृताला निरोप देतात आणि यकृत हे प्रथिन रक्तात सोडू लागते. शरीराच्या या प्रतिसादालाच दाह म्हणतात. दाह हा स्वतः रोग नसतो. संकटाची चाहूल लागताच शरीराने केलेली ती बंदोबस्ताची तयारी असते.

पोट उघडून आतड्याचा तुकडा काढणे हीसुद्धा शरीराच्या दृष्टीने मोठी जखमच. म्हणून प्रत्येक रुग्णाचा सीआरपी शस्त्रक्रियेनंतर चढतो, साधारणतः दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि सारे सुरळीत असल्यास उतरू लागतो. या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण सुमारे १९ तासांत निम्मे होते. त्यामुळे दाहाचे कारण शमले की आकडाही लवकर खाली येतो. उलट, चौथ्या-पाचव्या दिवशीही तो उतरत नसेल किंवा पुन्हा चढू लागला असेल, तर आत काहीतरी धुमसत असावे, अशी शंका घ्यावी लागते.

शल्यचिकित्सकांना सर्वाधिक धास्ती असते ती जोडातून होणाऱ्या गळतीची. आतड्यातील मळ पोटाच्या पोकळीत झिरपला तर प्राणावर बेतू शकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सात अभ्यासांतील २,४८३ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यांपैकी शंभरात सुमारे दहा जणांना गळती झाली होती. सीआरपी तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४ आणि पाचव्या दिवशी १४४ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादांच्या खाली असल्यास गळती नसण्याची खात्री ९७ टक्क्यांपर्यंत देता येते, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र आकडा मर्यादेच्या वर गेलेल्यांपैकी प्रत्यक्ष गळती निघाली ती जेमतेम पाचांतील एकाला. थोडक्यात, कमी आकडा मोठा दिलासा देतो. जास्त आकडा केवळ सावध करतो. फुप्फुसातील संसर्ग, जखमेतील पू किंवा मुळातच अवघड झालेली शस्त्रक्रिया यांमुळेही तो वाढलेला राहतो. म्हणून डॉक्टर आकड्याबरोबर नाडी, ताप, पोटाचा मऊपणा आणि लघवीचे प्रमाण पाहतात, आणि संशय बळावला तर सीटी स्कॅन करवितात.

बाबूजींच्या बाबतीत शल्यचिकित्सकांनी घरच्यांना एकच प्रश्न विचारला, “काल किती होता, ते पाहिलेत का?” कोणीच पाहिले नव्हते. आदल्या दिवशी तो २१० होता. दुसऱ्या दिवशी ९५ झाला. पोट मऊ होते, नाडी शांत होती, ताप नव्हता. १६० ही चढती पायरी नव्हती. उतरत्या जिन्यातील ती मधली पायरी होती. एका दिवसाच्या विक्रीवरून वर्षाचा नफा कोणी काढत नाही, हे ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याच घराने एका दिवसाच्या आकड्यावरून आयुष्याचा हिशेब मांडला होता.

अहवाल वाचताना एकक पाहण्याची सवयही लावून घ्यावी. काही प्रयोगशाळा सीआरपी प्रति लिटर देतात, तर काही प्रति डेसिलिटर, आणि या दोन्हींत दहापटीचे अंतर आहे. १६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच १६० मिलिग्रॅम प्रति लिटर. दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून आकडा दसपटीने वाढला, असे समजणे म्हणजे क्विंटल आणि किलो एकाच रकान्यात मांडण्यासारखे होय.

आता दुसरा, अधिक खोल प्रश्न. शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तात दाहाच्या खुणा असतील तर पुढील वाटचालीविषयी त्या काही सांगतात काय? कर्करोग आणि दाह यांचे नाते जुने आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ सालीच गाठींमध्ये पांढऱ्या रक्तपेशी आढळतात, याकडे लक्ष वेधले होते. या नात्याचे साधे मोजमाप मात्र एकविसाव्या शतकात झाले, आणि ते स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात. तेथील रॉयल इन्फर्मरी हे शल्यविद्येच्या इतिहासातील नामांकित रुग्णालय. १८६५ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडने जखमा जंतुमुक्त ठेवण्याचे प्रयोग तेथेच आरंभले. त्याच रुग्णालयात डोनाल्ड मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लासगो प्रोग्नॉस्टिक स्कोअर’ तयार केला. २००३ साली तो प्रथम फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मांडला गेला आणि पुढे आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील अभ्यासातून त्यात सुधारणा झाली.

या मोजणीत फक्त दोन तपासण्या लागतात, सीआरपी आणि अल्ब्युमिन. सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून कमी असल्यास गुण शून्य. तो १० च्या वर असून अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर एक गुण. सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन ३५ पेक्षा कमी असेल तर दोन गुण. आपल्याकडील अहवालात अल्ब्युमिन बहुधा प्रति डेसिलिटर छापतात, तेथे हीच मर्यादा ३.५ अशी दिसते. गुण जितके जास्त, तितकी त्या गटातील रुग्णांची पुढील वर्षे अधिक खडतर, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले. विशेष म्हणजे, रोगाचा टप्पा सारखा असतानाही हा फरक राहतो. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर हे असेच आणखी एक माप. २००५ साली इंग्लंडमधील एका अभ्यासात आतड्याच्या कर्करोगासाठी ते तपासले गेले आणि पाचाहून अधिक गुणोत्तर हे प्रतिकूल लक्षण ठरले.

असे का व्हावे? अंगात दीर्घकाळ धुमसणारा दाह स्नायू झिजवितो, भूक मारतो आणि अल्ब्युमिन घटवितो. शरीराचे प्रथिन दुरुस्तीऐवजी बंदोबस्तावर खर्ची पडते. कर्करोगाच्या पेशींना ओळखून नष्ट करण्यात लिम्फोसाइटांचा मोठा वाटा असतो. त्यांचे बळ कमी पडते आणि न्यूट्रोफिलांची गर्दी वाढते. मात्र सर्वच दाह वाईट नसतो. गाठीच्या आत आणि कडेला लिम्फोसाइट दाटीने जमले असतील तर ती अनुकूल खूण मानली जाते. पॅरिसचे जेरोम गालों यांनी यावरूनच ‘इम्युनोस्कोअर’ ही पद्धत विकसित केली. २०१८ साली १३ देशांतील २,६८१ रुग्णांवर तिची पडताळणी प्रसिद्ध झाली, आणि त्यात अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर ॲन्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचाही सहभाग होता. दुकानाच्या दारात उभा असलेला पहारा आणि गावभर उसळलेला गोंधळ यांत जे अंतर, तेच या दोन दाहांत आहे.

या मोजमापांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आतड्याच्या कर्करोगाच्या भवितव्याचा मुख्य आधार आजही शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाची तपासणी हाच आहे. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथींत रोग पोहोचला, इतरत्र तो पसरला आहे काय, यांवरून टप्पा ठरतो. किमान १२ लसिकाग्रंथी तपासल्या जाव्यात, असा दंडक आहे. अहवालात ती संख्या पाहून घ्यावी. सीआरपी हा कर्करोगाचा खास निर्देशक नव्हे. दातातील गळू, संधिवात, लठ्ठपणा, धूम्रपान, अगदी साधा ताप यांनीही तो वाढतो. केमोथेरपी द्यावी की नाही, हे केवळ दाहाच्या आकड्यावर ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्यातही रक्तातील सीईए, सीटी स्कॅन आणि साधारणतः वर्षभराने कोलोनोस्कोपी यांवरच भर असतो.

दहाव्या दिवशी बाबूजींचा अहवाल आला. १८ लसिकाग्रंथींपैकी दोनमध्ये रोग होता. म्हणजे तिसरा टप्पा, आणि केमोथेरपी आवश्यक. पुतण्याने जुने कागद चाळले. शस्त्रक्रियेपूर्वीचा सीआरपी २८ आणि अल्ब्युमिन ३.२ होते. त्याने गुण मोजले, दोन आले. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी बाबूजींनीच त्याला जवळ बोलावून विचारले, “वहीत काय निघाले? माझ्यापासून वही लपवून ठेवाल तर हिशेब कोण जुळविणार?”

शेवटी त्यांच्यासमोरच डॉक्टरांनी सारे सांगितले. ‘शंभरातील इतके पाच वर्षांनी बरे असतात’, ही टक्केवारी समूहाची असते. त्या शंभरांत हा एक माणूस कोठे बसेल, हे ती सांगत नाही. दोन गुण म्हणजे निकाल नाही, तर कोणत्या रुग्णाकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे याची ती सूचना आहे. आहार, स्नायूंचे बळ, मधुमेहाचे नियंत्रण, तंबाखू सोडणे, केमोथेरपी लांबणीवर न पडू देणे आणि पाठपुरावा न चुकविणे, या प्रत्येक बाबतीत करण्यासारखे काही होते.

आहाराच्या बाबतीत दोन गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर अल्ब्युमिन उतरते ते बव्हंशी दाहामुळे. म्हणून ‘अल्ब्युमिनची बाटली लावा’, हा नातेवाइकांचा आग्रह पोषणाच्या दृष्टीने निरर्थक ठरतो. दाह शमला आणि अन्न सुरू झाले की ते हळूहळू सावरते. दुसरा समज असा की, कंदमुळे न खाणाऱ्या शाकाहारी घरात प्रथिने पुरी पडणार नाहीत. कंदमुळांत असतो तो मुख्यतः पिष्टमय पदार्थ; प्रथिने डाळी, दूध, दही, पनीर आणि सोयाबीन यांत असतात. शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या रुग्णाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारणतः १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आरंभीच्या आठवड्यांत मुगाचे पातळ वरण, दही आणि मऊ पनीर पोटाला सोसतात. हरभरा, राजमा पुढे ढकलावेत.

नवकारशीपासून चौविहारापर्यंतच्या वेळेत हे सारे बसविता येते, मात्र दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान आहार घ्यावे लागतात. ज्यांच्या पोटावर लहान आतड्याची पिशवी लावलेली असते, त्यांच्या शरीरातून पाणी आणि क्षार झपाट्याने जातात. रात्रभर पाणी न घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. केमोथेरपीच्या काळात उपवास, आयंबिल किंवा अठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना, दोघांनाही विचारावे. पच्चक्खाणातही आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत, हे अनेकांना त्या वेळी आठवत नाही.

व्यायामाच्या बाबतीत तर आता भक्कम पुरावा हाती आला आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अन्य काही देशांतील ५५ केंद्रांत केमोथेरपी पूर्ण केलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर ‘चॅलेंज’ हा अभ्यास झाला आणि २०२५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. उरलेल्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम देण्यात आला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८०.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३.९ टक्के होते. यासाठी व्यायामशाळा लागते असे नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणे पुरेसे ठरते. हा लाभ कोणत्या मार्गाने होतो याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही; दाह कमी होणे ही त्यातील एक शक्यता मानली जाते. गादीवर दिवसाचे दहा तास मांडी घालून बसणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

दाह कमी करण्याच्या नावाखाली बाजारात मिळणाऱ्या हळदीच्या गोळ्या, काढे आणि चूर्णे मात्र डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नयेत. केमोथेरपीच्या औषधांशी त्यांचा विरोध होऊ शकतो. ॲस्पिरिनचा लाभ एका विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत दिसून आला आहे. तो बदल आहे की नाही, हे गाठीच्या तपासणीतून कळते, आणि ॲस्पिरिनने रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

बाबूजींची केमोथेरपी शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात सुरू झाली. भागीदारीचे कागद त्यांनी शांतपणे पुरे करून घेतले. ते रोगामुळे केले की वयामुळे, हे कोणी विचारले नाही. मुलीच्या लग्नाची तारीख बदलली नाही. पहाटे ते पुतण्याला घेऊन बाजार समितीच्या फाटकापर्यंत चालत जातात आणि परत येतात. घरातील एका कोऱ्या वहीत तारीख, आकडा, एकक आणि त्या दिवशीची प्रकृती असे चार रकाने आखलेले आहेत. नवा अहवाल आला की तो प्रथम बाबूजींच्या हाती जातो. ते आकड्याकडे लगेच पाहत नाहीत. आधी मागील पान उघडतात.